ग्रंथालयसेवकाचा गौरव आणि डॉ. रंगनाथन

१८४० साली स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांतून झटणारे कार्यकर्ते व सेवक यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने ग्रंथमित्र पुरस्कार ठेवला. त्याला नाव मात्र एका विद्यापीठीय ग्रंथपालाचे आहे. शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा या पदाला अध्यापकाची प्रतिष्ठा नव्हती. लंडनला जाऊन त्यांनी ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास केला. १९३१ मध्ये पाच सूत्रे व १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरणपद्धती सिद्ध करून त्यांनी ग्रंथपालाच्या नित्यकर्मालाच शास्त्राची बैठक दिली. पुढे दिल्ली विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट (१९४८), पद्मश्री (१९५७) व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद (१९६५) असे मान त्यांना लाभले. त्यांनी स्वतः मात्र आयुष्यभराच्या बचतीतील एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन निर्माण केले. ग्रंथालयसेवकाचा खरा गौरव शाल-श्रीफळाने पूर्ण होत नाही. त्याच्या कामाला ज्ञानशाखेचा दर्जा व त्याच्या शिक्षणाला स्थायी आधार मिळावा लागतो, हेच या चरित्राचे मर्म होय. विद्यापीठांनी आपल्या ग्रंथालयातील सेवकांचा सन्मान करताना हा निकष नजरेआड करू नये.