नेमक्या शब्दाचे मोल जाणणारे डॉक्टर : जॉन शॉ बिलिंग्ज

दवाखान्यात येणारे बरेच नातेवाईक आधी मोबाइलवर माहिती शोधून आलेले असतात. मुलाला फिट येते म्हणून कुणी नुसते 'फिट' असे टाइप करतात आणि समोर व्यायामाचे व्हिडिओ येतात. आपण ज्याला फिट, आकडी, फेफरे किंवा मिरगी म्हणतो, तो आजार डॉक्टरांच्या कागदावर अपस्मार किंवा एपिलेप्सी असतो. नेमका शब्द माहीत नसेल, तर असलेली माहितीही हाती लागत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्यालाही माहिती शोधताना अशीच अडचण आली होती, आणि त्याचा विषयही अपस्मारच होता.

प्रबंधासाठी वणवण

जॉन शॉ बिलिंग्ज यांचा जन्म १८३८ मध्ये इंडियाना राज्यात झाला. १८६० मध्ये सिनसिनाटी येथून ते डॉक्टर झाले. पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रिया हा विषय घेतला होता. किती रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यातले किती बरे झाले, एवढेच त्यांना हवे होते. त्यासाठी त्यांनी कित्येक महिने ग्रंथालये पालथी घातली, दूरच्या शहरांना पत्रे लिहिली. पुस्तकांच्या सूची भरवशाच्या नव्हत्या आणि सगळे वैद्यकीय साहित्य एका ठिकाणी मिळेल असे ग्रंथालय देशात नव्हते. हा अनुभव ते विसरले नाहीत.

रणांगणातून ग्रंथालयात

अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी सैन्यातील शल्यचिकित्सक म्हणून काम केले. गेटिसबर्गच्या लढाईतील जखमींवरही त्यांनी उपचार केले. युद्ध संपता संपता वॉशिंग्टनमध्ये सर्जन जनरलच्या कार्यालयातील छोटे ग्रंथालय त्यांच्याकडे आले. तेव्हा तिथे जेमतेम दोन हजार पुस्तके होती. लष्करी रुग्णालयांच्या निधीतील शिल्लक रक्कम पुस्तकांसाठी मिळाली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर जिथे गोळी झाडली गेली, त्या फोर्ड थिएटरच्या इमारतीत हे ग्रंथालय बरीच वर्षे होते. १८९५ मध्ये बिलिंग्ज निवृत्त झाले, तेव्हा पुस्तकांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती.

पण नुसती पुस्तके जमवून भागणार नव्हते. बिलिंग्ज नियतकालिके घरी नेत आणि कोणता लेख नोंदवायचा त्यावर पेन्सिलीने खूण करत. मग कारकून प्रत्येक लेखाचे कार्ड तयार करत आणि ती कार्डे विषयाप्रमाणे लावली जात. यातूनच १८८० मध्ये 'इंडेक्स कॅटलॉग'चा पहिला खंड निघाला. त्याआधी १८७९ मध्ये डॉ. रॉबर्ट फ्लेचर यांच्यासह त्यांनी 'इंडेक्स मेडिकस' सुरू केले होते. नव्या लेखांची ही विषयवार सूची मधला काही काळ वगळता २००४ पर्यंत छापली जात होती.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या आराखड्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक झाले. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज आपल्यासाठी

त्यांचे ग्रंथालय आज अमेरिकेचे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन आहे. 'पबमेड' हा मोफत संग्रह तिथलाच. तिथे इंग्रजीत 'हार्ट अटॅक' लिहिले, तरी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या शास्त्रीय नावाखालचे लेखही मिळतात, कारण एकाच आजाराची वेगवेगळी नावे एका मथळ्याखाली जोडलेली आहेत.

घरात कुणी नर्सिंग किंवा फार्मसी शिकत असेल, किंवा तुम्हाला स्वतःच्या आजाराविषयी वाचायचे असेल, तर एवढे करा :

- आजाराचे नेमके नाव, स्पेलिंगसह, डॉक्टरांकडून लिहून घ्या.
- पूर्ण वाक्याऐवजी दोन-तीन मुख्य शब्द टाका : आजार, रुग्णाचा वयोगट आणि हवी ती बाब. उदा. एपिलेप्सी, लहान मुले, आहार.
- काही सापडले नाही, तर त्याच आजाराचे दुसरे नाव वापरून पाहा.
- माहिती कोणी आणि कधी लिहिली, हे तपासा.

वाचलेल्या माहितीवरून औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. फिटची गोळी अचानक थांबवली, तर जोराचा झटका येऊ शकतो. आणि फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, तर मोबाइलवर शोधत बसू नका. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या.