इंग्रजी न येता लंडनमध्ये : सर सय्यद यांचे दिवस

परदेशी जायचं म्हटलं की आपल्या घरांत पहिला सवाल हाच असतो, तिथली भाषा येते का? सर सय्यद अहमद खान १८६९ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून ‘बडोदा’ नावाच्या बोटीत चढले, तेव्हा त्यांचं वय ५१ होतं. अरबी-फारसीचे जाणकार, सरकारी न्यायखात्यात नोकरी. पण इंग्रजी मात्र मोडकीतोडकी. सोबत सय्यद हामिद आणि सय्यद महमूद ही दोन मुलं, मिर्झा खुदादाद बेग आणि छज्जू नावाचा नोकर. महमूदला विलायतेत शिकायची शिष्यवृत्ती मिळाली होती. खाण्यापिण्याच्या प्रश्नावर तर सर सय्यद आधीच तयार होते. अहले-किताबसोबत जेवावं की नाही, यावर त्यांनी निघण्यापूर्वीच एक रिसाला लिहिला होता!

त्यांचं स्वतःचं काम वेगळंच होतं. विल्यम म्यूर यांनी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचं चरित्र चार खंडांत लिहिलं होतं. त्यातल्या आरोपांनी सर सय्यद बेचैन झाले होते. आणि हे म्यूर कोण? त्यांच्याच प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर. नोकरीत असताना एवढ्या वरच्या साहेबाला उत्तर द्यायचं, म्हणजे हिंमतच. त्यासाठी लागणारी पुस्तकं लंडनमध्ये होती, तीही इंग्रजी, लॅटिन, जर्मन अशा भाषांत.

मेक्लनबर्ग स्क्वेअरमधल्या २१ नंबरच्या घरात त्यांनी बिऱ्हाड केलं. इंग्रजी शिकून होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मग पुस्तकं जमवायची, पैसे देऊन भाषांतर करून घ्यायचं, स्वतः उर्दूत लिहायचं आणि त्याचं इंग्रजी करवायचं. महमूदचा मोठा आधार होता. पण पैसा पाण्यासारखा चालला. मायदेशी मित्र महदी अली (पुढचे नवाब मोहसिन-उल-मुल्क) यांना पत्रांमागून पत्रं गेली. कर्ज काढायची गोष्ट झाली, पुस्तकं विकायची झाली, घरातली तांब्याची भांडीसुद्धा विकायला निघाली. १८७० मध्ये बारा निबंधांचं ते पुस्तक लंडनमध्येच इंग्रजीत छापून आलं. आज आपण ते ‘खुतबात-ए-अहमदिया’ म्हणून ओळखतो.

भाषा येत नसली की माणूस डोळ्यांनी जास्त बघतो. सर सय्यद यांनी घरमालकीणबाईंचं बोलणंचालणं पाहिलं, कामवाली मुलगी वर्तमानपत्र वाचते हे पाहिलं, आणि थक्क झाले. त्या भरात आपल्या देशबांधवांबद्दल फार कडू लिहून बसले. ती पत्रं अलीगढच्या गॅझेटमध्ये छापली गेली आणि लोक चिडले. आम्हाला वाटतं, लोकांचं अगदीच चुकलं नव्हतं. त्याच इंग्लंडमध्ये गरिबांच्या मुलांना पुरेशा शाळा नव्हत्या. गावोगावी शाळा काढायचा कायदा १८७० मध्ये, सर सय्यद तिथे असतानाच झाला. एका नीटनेटक्या घरावरून त्यांनी सगळ्या मुलखाचा अंदाज बांधला होता.

तरी ती कामवाली मुलगी त्यांच्या डोक्यातून गेली नाही. १८७० च्या ऑक्टोबरमध्ये ते परतले आणि डिसेंबरात ‘तहजीब-उल-अखलाक’ सुरू केलं, तेही उर्दूतच. महमूद केंब्रिजला शिकत राहिला. १८७५ मध्ये अलीगढला मदरसा उघडला. तिथे कौमच्या मुलांना इंग्रजी शिकवायची सोय झाली. सर सय्यद यांना स्वतःला मात्र ती सफाईदार कधीच आली नाही.