विश्लेषण : गिल्बर्ट व्हाइट यांना पाकोळ्यांच्या आठ जोड्यांनी का छळले?

बागेत येणारे पक्षी, कीटक रोज पाहणे आणि लिहून ठेवणे हा आज अनेकांचा छंद आहे. या छंदाला शास्त्राचे वजन मिळवून देणारे गिल्बर्ट व्हाइट १८ जुलै १७२० रोजी इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील सेलबर्न गावी जन्मले आणि २६ जून १७९३ रोजी तिथेच, ‘द वेक्स’ या घरी वारले. शिक्षण ऑक्सफर्डला, पेशा धर्मोपदेशकाचा. पण मन रमले ते घरामागच्या बागेत.

नोंदी कशाच्या?

१७५१ मध्ये सुरू झालेल्या वहीत आधी काकड्या, खरबुजे आणि शेणखताचे वाफे होते. पुढे पाऊस, फुले, पक्षी आले. दिसायला जवळपास सारखे असलेले तीन वटवटे हे वेगवेगळे पक्षी आहेत, हे त्यांनी प्रामुख्याने आवाजावरून ओळखले. पक्षी मारून हाती घेतल्याशिवाय अभ्यास होत नाही, असे मानणारा तो काळ. बंदूक व्हाइट यांनाही वर्ज्य नव्हती. पण त्यांचे खरे हत्यार कान आणि सवड. गांडुळे नसतील तर जमीन घट्ट होऊन नापीक होईल, हेही त्यांनी १७७७ मध्येच लिहिले. डार्विन यांचे गांडुळांवरील पुस्तक आले १८८१ मध्ये! आत्याच्या पश्चात १७८० साली टिमथी नावाचे कासव बागेत आले. व्हाइट त्याचे वजन करत, कर्ण्यातून त्याच्यावर ओरडून त्याला ऐकू येते का तपासत. टिमथी मादी होती, हे मात्र दोघांच्या मृत्यूनंतर कवचावरून कळले.

कोडे कोणते?

दर उन्हाळ्यात गावात पाकोळ्यांच्या आठच जोड्या भरत. त्यांची पिल्ले जगली, तर पुढच्या वर्षी संख्या दुप्पट व्हायला हवी. मग वाढीव पक्षी जातात कुठे? १७७८ मधील हा प्रश्न आज परिसरशास्त्राचा गाभा आहे.

पाकोळ्या आणि भिंगऱ्या हिवाळ्यात कुठे असतात, हेही त्यांना छळत राहिले. जिब्राल्टरला असलेल्या भावाने समुद्र ओलांडणारे पक्षी पाहून कळवले होते. तरी काही पक्षी गावाजवळच बिळांत, कपारींत झोपून राहत असावेत, ही शंका त्यांनी सोडली नाही. माणसे लावून शोधही घेतला. एकही झोपलेला पक्षी त्यांच्या हाती लागला नाही.