अहिल्याबाई होळकर व वाटेचे राखणदार

नेकनूरच्या बाजारास जनावरें घेऊन जाणाऱ्या आमच्या वाचकांस, वाट निर्धास्त असणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. वाट मोडली म्हणजे बाजार मोडतो, व बाजार मोडला म्हणजे गांवाची रया जाते. हें ज्या बाईनें ओळखिलें, तिचें जन्मगांव चौंडी आपल्या बीड जिल्ह्याच्या शेजारींच, जामखेड तालुक्यांत आहे.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालीं माणकोजी शिंदे पाटलांच्या घरीं झाला. पुढें त्या मल्हारराव होळकरांच्या सून झाल्या. १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत पति खंडेराव पडले. १७६६ सालीं सासरे गेले, व १७६७ सालीं पुत्र मालेरावही गेला. इतकें दुःख सोसून त्यांनीं राज्यकारभार हातीं घेतला, व नर्मदाकांठीं महेश्वर येथें राहून १७९५ सालीं मृत्यु येईपर्यंत तो चालविला.

त्या काळीं डोंगरांतील भिल्ल वाटसरूंस लुटीत असत. बाईंनीं प्रथम सामोपचारानें घेतलें. तें साधेना, तेव्हां कठोर उपाय योजिले, व कित्येकांस देहांत शासनही झालें. हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु त्या तेथेंच थांबल्या नाहींत. वाटसरूंकडून अल्पशी भिलकवडी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनीं मान्य केला, पडीक जमीन कसण्यास उत्तेजन दिलें, आणि आपापल्या हद्दींतील वाटेच्या रक्षणाचा भार त्यांच्यावरच घातला. ज्यांचें भय होतें तेच राखणदार झाले.

महेश्वरासही त्यांनीं विणकरांस आश्रय देऊन वसविलें. होळकरांचें राज्य गेलें, पण माग राहिले. पुढें हा धंदा खालावला, तेव्हां १९७९ सालीं स्थापन झालेल्या रेहवा संस्थेनें त्यास हात दिला. महेश्वरी लुगडें आजही विणलें जात आहे.

बाईंचे घाट व विहिरी सर्वांस ठाऊक आहेत. परंतु दगडाचें काम टिकावयास त्याभोंवतीं माणसें टिकावीं लागतात, व ज्यांस गांवांत हक्कही नाहीं व जबाबदारीही नाहीं, तीं टिकत नाहींत. म्हणून, बंधुभगिनींनो, आपल्या गांवीं विहिरीची वा रस्त्याची बैठक भरेल, तेव्हां शेवटच्या वस्तीचा मनुष्य तेथें बसला आहे काय, हें आधीं पाहावें. नसेल, तर त्यास बोलावून आणावें, व मगच कामास आरंभ करावा.