होलोवेच्या तबेल्यातलं तात्पुरतं घर

संस्था काढणाऱ्यांना मोठ्या शब्दांची भारी हौस असते. अखिल, केंद्रीय, सार्वजनिक, झालंच तर अखंड. बँकेच्या नोकरीत अशा किती संस्थांची खाती उघडली त्याची गणती नाही. नाव हातभर आणि खात्यात शिल्लक बोटभर, हा नेहमीचा अनुभव. पण आपल्या पाटीवर आपण होऊन ‘तात्पुरतं’ असं लिहिणारी संस्था मला एकच ठाऊक आहे, आणि तीही वाचनातून. हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरतं घर, असं तिचं नाव. साल १८६०, शहर लंडन. आज बॅटर्सी या नावानं जगभर ओळखली जाते ती हीच संस्था, आणि ती काढली मेरी टील्बी नावाच्या, तोवर कुणाच्या फारशा खिजगणतीत नसलेल्या एका बाईंनी.

मेरीबाईंचा जन्म ३० डिसेंबर १८०१ रोजी हंटिंग्डनचा. माहेरचं आडनाव बेट्स. १८२९ साली हल या बंदराच्या गावी लाकडाचा व्यापार करणाऱ्या रॉबर्ट चॅपमन टील्बी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. संसार काही शेवटपर्यंत टिकला नाही. आजारी आईची सेवा करायला त्या लंडनला आल्या आणि पुढे आपल्या पाद्री भावाजवळ, एडवर्ड बेट्स यांच्याजवळ, उत्तर लंडनच्या होलोवे भागात राहिल्या. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, साठीला टेकलेली बाई. त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेवर आणि कमाईवर हक्क नवऱ्याचा असे. तो कायदा बदलायला पुढे १८७० आणि १८८२ ही सालं उजाडावी लागली. म्हणजे मेरीबाईंना स्वतःच्या नावावर दानधर्म करण्याइतकीही ऐपत धड नव्हती. हे लक्षात ठेवून पुढची हकीकत वाचायला हवी.

त्या वेळचं लंडन कुत्र्यांना फार वाईट होतं. गरीब फेरीवाले, खाटीक, भाकरवाले कुत्र्यांना छोट्या गाड्यांना जुंपत. १८३९ च्या पोलीस कायद्यानं लंडनमध्ये आणि १८५४ मध्ये साऱ्या देशात या गाड्यांना बंदी आली. हेतू दयेचा होता, पण गाडी गेल्यावर गाडीच्या कुत्र्याला कोण पोसणार? कितीतरी कुत्री रस्त्यावर आली, कितीतरी मारली गेली. त्यात पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत. पाश्चर यांची लस यायला १८८५ साल लागलं, तोवर चावलेल्या माणसाला देवाशिवाय कुणी वाली नव्हता. दुसऱ्या टोकाला श्रीमंतांची लाडकी कुत्री. ती चोरून मालकाकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्या शहरात राजरोस धंदा करीत. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचा फ्लश हा कुत्रा तर तीनदा पळवला गेला आणि तिन्ही वेळा पैसे मोजून सोडवून आणावा लागला.

१८६० साली सेरा मेजर नावाच्या मैत्रिणीला रस्त्यात एक उपासमारीनं मरायला टेकलेलं कुत्रं सापडलं. तिनं ते घरी आणलं. मेरीबाई तिच्याकडे गेल्या तेव्हा ते स्वयंपाकघरात पडून होतं. दोघींनी त्याची शुश्रूषा केली, पण ते वाचलं नाही.

पुष्कळांच्या हातून गोष्ट इथेच संपते. आपण हळहळतो, दोन दिवस जेवण गोड लागत नाही, मग विसरतो. मेरीबाई मात्र रस्त्यावरची कुत्री घरी आणू लागल्या. स्वयंपाकघरामागची भांडी घासायची मोरी हा त्यांचा पहिला दवाखाना. मोरी अपुरी पडली तेव्हा होलोवेतच हॉलिंग्जवर्थ स्ट्रीटवरचा एक तबेला भाड्यानं घेतला आणि ऑक्टोबर १८६० मध्ये हे तात्पुरतं घर सुरू झालं. २७ नोव्हेंबरला पॉल मॉलवर, प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या रॉयल सोसायटीच्या कचेरीत, समितीची पहिली बैठक भरली. भाऊ एडवर्ड पहिल्यापासून सोबत होते. वर्गणी जमवणं सुरू झालं.

नियम वाचले की बाई भाबड्या नव्हत्या हे कळतं. मालक शोधत आला तर कुत्र्याच्या पोटापाण्याचा खर्च भरून त्यानं ते न्यावं. चौदा दिवसांत कुणी आलंच नाही, तर खर्च भागवण्यासाठी ते विकावं किंवा समिती ठरवील तशी त्याची वासलात लावावी. आणि सर्वांत चाणाक्ष नियम असा, की कुत्रं आणून देणाऱ्याला बक्षीस म्हणून एक पैही मिळणार नाही. बक्षीस ठेवलं असतं तर त्या चोरांच्या टोळ्या दुसऱ्या दिवशी दारात रांग लावून उभ्या राहिल्या असत्या. कर्जाच्या अर्जांवर सही करण्यात उमर गेली, म्हणून म्हणतो, दयेच्या कामाला इतकं हिशेबी डोकं क्वचित लाभतं.

लंडनच्या टाइम्सनं त्याच ऑक्टोबरात या उपक्रमाची यथेच्छ टिंगल केली. कुत्र्यांसाठी घर ही कल्पनाच त्या पत्राला हास्यास्पद वाटली. शहरात माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कसले, हा आक्षेप तर आपल्याकडे आजही प्रत्येक हाउसिंग सोसायटीच्या सभेत निघतो. आक्षेप घेणाऱ्याला माणसाच्या मनातली करुणा ही ठरावीक रकमेची ठेव वाटते. एकाला दिली की दुसऱ्याला कमी पडणार. माझं निरीक्षण उलट आहे. कुत्र्याला भाकरी घालणाऱ्या हातानं शेजारच्या म्हातारीलाही डबा पोचवलेला मी पाहिला आहे. शेजाऱ्यांची तक्रार मात्र खरी होती. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या शेजारी राहून बघा म्हणजे समजेल.

आपल्या मुंबईत हा प्रश्न त्याआधीच पेटला होता. कंपनी सरकारनं भटकी कुत्री मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. त्या लोभानं पकडणारे लोक घरांतली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून १८३२ ला दंगल उसळली. पुढाकार पारशांचा होता, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, लष्कराची रसद अडलेली. पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरापोळ काढला, तोही मुख्यत: सरकारच्या गोळीपासून कुत्री आणि डुकरं वाचावीत म्हणून. म्हणजे होलोवेच्या आधी सव्वीस वर्षं.

तरी दोहोंत एक फरक आहे, आणि मेरीबाईंचं वेगळेपण मला त्या फरकात दिसतं. पांजरापोळाची कल्पना आश्रमाची आहे. जीव तिथे आला की त्याचं उरलेलं आयुष्य तिथेच सुखानं जावं. होलोवेचा तबेला हा धर्मशाळेसारखा. आलेल्यानं बरं व्हावं, चार घास खावेत आणि आपल्या किंवा नव्या घरी जावं. पांजरापोळ भरलेला असणं ही त्याची पुण्याई. होलोवेचं घर रिकामं होत राहणं हे त्याचं यश. तात्पुरतं हा शब्द पाटीवर अशा अर्थानं आला होता.

रस्त्यावरचं कुत्रं घरात रुळवणं हे नुसतं गळ्यात पट्टा बांधण्याचं काम नव्हे. उपाशी जिवाला एकदम पोटभर घातलं तर तेही बाधतं. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा द्यावं लागतं. आश्रयगृहांतून कुत्रं दत्तक देणारे कार्यकर्ते हल्ली एक ढोबळ हिशेब सांगतात. तीन दिवस भीती जायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने हे आपलं घर आहे असं वाटायला. आमच्या इमारतीत एका निवृत्त जोडप्यानं एक तांबडी गावठी कुत्री आणली. पहिले आठ दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. त्या वहिनी पलंगाजवळ चटई टाकून, तिच्याकडे न बघता, तांदूळ निवडत बसायच्या. नवव्या दिवशी कुत्रीनं सुपात नाक घातलं.

१८६२ च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात एक निनावी लेख आला. तो खुद्द डिकन्सचाच असं पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. इस्लिंग्टनला जातिवंत कुत्र्यांचं भव्य प्रदर्शन भरलं होतं. तिथून होलोवे फार दूर नाही. लेखकानं दोन्ही जागा पाहिल्या आणि शेजारी शेजारी मांडल्या. एकीकडे बक्षिसाची कुत्री, दुसरीकडे आल्या पाहुण्यात आपला हरवलेला मालक शोधणारी. ज्यांनी टाइम्स वाचून हसून घेतलं होतं, त्यांच्यातल्या काहींनी हेही वाचलं असणार.

मेरीबाईंना मात्र हे फार काळ बघायला मिळालं नाही. त्यांना कर्करोगानं गाठलं. ३ ऑक्टोबर १८६५ ला बिगल्सवेड या गावी त्यांचं निधन झालं. घर सुरू होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती.

त्यांच्यामागं काम वाढलं आणि अवघडही झालं. १८६७ च्या कायद्यानं पोलिसांना मोकाट कुत्री पकडण्याचा अधिकार मिळाला आणि पकडलेली कुत्री होलोवेला येऊ लागली. पूर्वी दयाळू माणसं एकेक कुत्रं आणत, आता सरकार आणू लागलं. इतक्यांना घरं कुठून मिळणार? कुणी न नेलेल्या हजारो कुत्र्यांना त्याच संस्थेत मरण द्यावं लागलं. संस्थेच्या इतिहासातलं हे पान गौरवग्रंथवाले भरभर उलटतात, पण ते वगळता येत नाही. तबेला मेरीबाईंनी उघडला तो एका कुत्र्याला वाचवता आलं नाही म्हणून, आणि त्याच दारातून आत गेलेली कित्येक पुन्हा बाहेर आली नाहीत.

शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि जागेची चणचण यांमुळे १८७१ मध्ये संस्था थेम्सच्या दक्षिणेला, रेल्वेरुळांच्या गर्दीत, बॅटर्सीला गेली. १८८३ पासून मांजरंही घेऊ लागली. १८८५ मध्ये राणी व्हिक्टोरिया आश्रयदात्या झाल्या, तेव्हा टिंगल करणारे गप्प बसले असावेत. आजवर तीस लाखांहून अधिक प्राणी या संस्थेच्या दारातून गेले आहेत. आता घर मागायला येणाऱ्या कुटुंबाची आधी विचारपूस होते. दिवसभर घरी कोण असतं, मुलं किती लहान, आधीचं जनावर आहे का. मग त्या घराला साजेसं कुत्रं दाखवतात.

पाटीवरचा तात्पुरतं हा शब्द पुढे गळाला. एडवर्ड यांनाही नंतर बिगल्सवेडच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात, बहिणीसोबतच पुरलं.