सेंडा बेरेन्सन : वर्चस्वाला लगाम घालणारी क्रीडाशिक्षिका

महिला बास्केटबॉलच्या जननी सेंडा बेरेन्सन यांचा जन्म १९ मार्च १८६८ रोजी लिथुआनियात झाला. १८७५ मध्ये त्यांचे कुटुंब अमेरिकेतील बोस्टन येथे आले. नाजूक प्रकृती सुधारावी म्हणून त्या व्यायामशिक्षणाकडे वळल्या आणि तेच त्यांचे जीवनकार्य ठरले.

१८९२ मध्ये स्मिथ महिला महाविद्यालयात रुजू झाल्यावर जेम्स नेस्मिथ यांचा नवा खेळ त्यांनी विद्यार्थिनींना शिकविला. मार्च १८९३ मध्ये पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींचा सामना झाला. पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता.

एकट्या खेळाडूने मैदान गाजवावे आणि इतरांनी पाहत राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी मैदानाचे तीन भाग करून प्रत्येकीला आपल्याच भागात खेळण्याचे बंधन घातले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांनाही त्यांचा विरोध होता. या नियमांनी सर्वांना वाटा मिळाला, पण मुलींची धावही रोखली गेली.

१६ फेब्रुवारी १९५४ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा टेक्सासमधील वेलँड महाविद्यालयाची १३१ विजयांची मालिका सुरू झाली होती. पुढे कनेटिकट विद्यापीठाने सलग १११ सामने जिंकले. ही घोडदौड २०१७ मध्ये मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने रोखली. हाच संघ वर्षभरापूर्वी कनेटिकटकडून ६० गुणांनी हरला होता. सेंडा यांनी नियमांनी साधू पाहिलेला समतोल अखेर प्रतिस्पर्ध्यांच्या जिद्दीनेच साधला. १९८५ मध्ये नेस्मिथ कीर्तिदालनात त्यांना मानाचे स्थान मिळाले.