आंबा-फणसाला हात लावू नका सांगणारा तो आदेश नेमका कोणी लिहिला? जाणून घ्या रामचंद्रपंत अमात्यांविषयी

सोनई : पावसाळा सुरू झाला की सोनई, घोडेगाव, शिंगणापूर परिसरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वृक्षारोपणाच्या फोटोंसोबत एक मेसेज हमखास फिरतो. रयतेची झाडे तोडू नयेत, असा आदेश त्यात असतो आणि खाली छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव असते. आदेश खरा आहे, त्यामागचे धोरणही शिवकाळाचेच मानले जाते. पण ज्या ग्रंथात तो आहे, तो ‘आज्ञापत्र’ शिवरायांच्या निधनानंतर सुमारे ३५ वर्षांनी, १७१५ च्या सुमारास लिहिला गेला. त्याचे लेखक म्हणून रामचंद्र नीळकंठ, म्हणजेच रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांचे नाव घेतले जाते.

कोण होते रामचंद्रपंत?

रामचंद्रपंतांचा जन्म १६५० च्या सुमाराचा. वडील नीळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे प्रमुख. वडिलांच्या निधनानंतर ही जबाबदारी मुलांकडे आली. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, मुजुमदार हे पद अमात्य झाले आणि अष्टप्रधानांत रामचंद्रपंत बसले. तेव्हा त्यांचे वय होते जेमतेम चोविशीच्या आसपास.

अमात्याचे काम हिशेबाचे. कोणत्या गावातून किती वसूल येतो, कोणत्या कामावर किती खर्च होतो, हे सगळे त्याच्या नजरेखालून जायचे. पुढे झाडांबद्दल लिहिताना त्यांनी ज्या बारकाव्याने लिहिले, त्याचे मूळ या कामात दिसते.

सर्वात कठीण काळ कोणता?

१६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड मोगलांकडे गेला आणि राजाराम महाराजांना दक्षिणेत जिंजीला जावे लागले. महाराष्ट्रातला कारभार त्यांनी रामचंद्रपंतांवर सोपवला. त्यासाठी त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब आणि जवळपास राजाइतके अधिकार दिले.

पुढची काही वर्षे संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मैदानात लढत होते. शंकराजी नारायण यांच्या साथीने रामचंद्रपंत गडांची रसद, फौजेचा पैसा आणि उजाड होणारी गावे सांभाळत होते. फौजांच्या येण्याजाण्यात शेते तुडवली जात, गावे ओस पडत. रयत टिकली नाही तर राज्यही टिकत नाही, हे त्यांनी हिशेबाच्या वहीत नव्हे, तर डोळ्यांनी पाहिले.

हे युद्ध संपले ते आपल्याच जिल्ह्यात. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगार येथे औरंगजेबाचा मृत्यू झाला. त्यानंतर मराठी राज्यात सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. रामचंद्रपंत कोल्हापूरच्या बाजूला राहिले. तेथील तरुण छत्रपती संभाजी (दुसरे) यांच्या काळात आज्ञापत्र तयार झाले. तेव्हा पंतांनी पासष्टी गाठली होती.

आज्ञापत्रात झाडांबद्दल काय आहे?

राजाने कसे वागावे, प्रधान, सावकार, वतनदार, गडकोट आणि आरमार कसे सांभाळावे, याची ही शिकवण आहे. झाडांचा उल्लेख प्रामुख्याने दोन ठिकाणी येतो.

पहिला आरमाराच्या प्रकरणात. जहाजे बांधायची तर लाकूड हवे. राज्याच्या अरण्यातला साग लागेल तेवढा, पण हुजूरची परवानगी घेऊनच तोडावा, बाकीचे लाकूड बाहेरच्या मुलखातून विकत आणावे, असे ते सांगतात. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे, हे त्यांना माहीत होते. तरीही त्या झाडांना हात लावू नये, असा स्पष्ट आदेश आहे.

कारण? ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लावून पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्या घराच्या दुःखाला सीमा राहत नाही आणि दोष राजावर येतो. कोयीपासून वाढलेल्या रायवळ आंब्याला फळ धरायला साधारण सहा ते दहा वर्षे लागतात, हे लक्षात घेतले की मुद्दा पटतो. तोडायला एक दिवस पुरतो, भरून यायला एक पिढी.

मग झाड कधीच तोडायचे नाही का? तसे नाही. झाड जीर्ण झाले, फळ देईनासे झाले, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावे. बळजबरी मात्र अजिबात नको.

दुसरा उल्लेख गडांच्या प्रकरणात आहे. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ अशी मोठी झाडे आणि लिंबू, नारिंगासारखी लहान झाडे, फुलझाडेसुद्धा लावावीत आणि जतन करावीत. अडचणीच्या वेळी तीच लाकूड म्हणून उपयोगी पडतात. गडाभोवतीची झाडी हे गडाचे संरक्षण, त्यामुळे तिच्यातली काठीही तोडू देऊ नये.

आज याचा संबंध काय?

१७१६ मध्ये पन्हाळ्यावर रामचंद्रपंतांचे निधन झाले. त्यांची समाधी तिथेच आहे. त्यांनी घालून दिलेली चौकट मात्र आजही ओळखीची वाटते. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीतली झाडे वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग ती स्वतःच्या शेताच्या बांधावर का असेनात. यादीत साग आहे, चिंच आणि जांभूळ आहे. आंबा आणि फणसही आहेत.

फरक एका ठिकाणी आहे. कायदा परवानगी विचारतो. पंतांनी त्याआधी झाड लावणाऱ्याला विचारायला सांगितले होते. रस्ता रुंद करताना, पाटाच्या कडेची झाडी साफ करताना किंवा शाळेच्या आवारातले जुने झाड उतरवताना ते लावले कोणी, पाणी घातले कोणी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रोप लावतानाचा फोटो सगळे काढतात. पण त्याच रोपाला उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस त्या फोटोत नसतो. रामचंद्रपंतांचा आदेश त्या माणसाच्या बाजूने होता.

तो मेसेज पुन्हा ग्रुपवर आला तर जरूर पुढे पाठवा. खाली आज्ञापत्राचे आणि रामचंद्रपंतांचे नावही लिहा.